तो फोटो मी आज बदलला आहे

नमस्कार,

‘मेलेल्यांच्या नावानं तोंडं रंगवून नाचायचं, ही कसली परंपरा? हा हॅलोविनचाच तमाशा. आपल्या पितृपक्षाचं गांभीर्य यात कुठे आहे?’ असं तुम्ही मेक्सिकोच्या ‘मृतांचा दिवस’ या सणावरचा माझा लेख वाचून विचारलंत. या गैरसमजात माझाही वाटा आहे. लेखाच्या माथ्यावर मी मेक्सिको सिटीतल्या मिरवणुकीचा फोटो लावला होता. ती मिरवणूक २०१६ पासूनची. आदल्या वर्षी एका बाँडपटात तशी दाखवली होती, म्हणून शहरानं ती सुरू केली. तिच्यावरून या सणाची पारख करू नका, ही विनंती.

सण खरा घराघरांत असतो. मेक्सिकोतल्या पुएब्लात मी राहत होते त्या घरच्या आजींनी ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांसाठीची मांडणी, केली तेव्हा मी झेंडूच्या पाकळ्या सोडवायला बसले होते. नवऱ्याच्या फोटोपुढे मेणबत्त्या, मीठ, कोपालचा धूप आणि पाण्याचा पेला. लांबून येणाऱ्याला तहान लागते ना! शेजारी साखर भुरभुरलेला ‘मृतांचा पाव’. “शेवटची चार वर्षं मी त्यांना गोडाला हात लावू दिला नाही. मधुमेह होता,” असं म्हणून आजींनी आणखी एक पाव ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकत, वाकून, दारापासून फोटोपर्यंत पाकळ्यांची वाट घातली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला. मेक्सिकोत साधारणपणे १ नोव्हेंबरला गेलेली लहान मुलं भेटीला येतात असं मानतात, २ तारखेला गेलेली मोठी माणसं. तारखा चर्चच्या, पण त्यांत तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या चालीरीती मिसळल्या आहेत.

आणि गांभीर्यच हवं असेल, तर कांपेचे राज्यातलं पोमुच गाव बघा. पुरल्यानंतर काही वर्षांनी तिथे अस्थी बाहेर काढून लाकडी पेटीत ठेवतात. दरवर्षी या दिवसांच्या आधी घरची माणसं पेटी उघडतात, एकेक हाड हलक्या हातानं झटकून पुसतात, भरतकाम केलेलं नवं कापड घालतात आणि कवटी सगळ्यात वर ठेवतात. हे गेलेल्याला नवे कपडे घालणंच, असं ते मानतात. आपण पान ठेवून कावळा शिवायची वाट बघत ताटकळतो, त्या जिवाच्या ओढीहून ही ओढ मला वेगळी वाटत नाही.

मिरवणुकीचा फोटो काढून मी तिथे आजींच्या मांडणीचा लावला आहे. त्यांना विचारूनच. “ह्यांचा चेहरा नीट दिसू दे,” एवढंच म्हणाल्या.