आधी गळती शोधा, मग पाना हातात घ्या!

तिसऱ्यांदा! तिसऱ्यांदा आज सकाळी गाडी पुढून डावीकडे बसलेली. चाक पार मडगार्डमध्ये शिरलंय. आणि मेकॅनिक काय म्हणतो? "भाऊ, जुनी गाडी शे, अशीच चालस." नाही चालत! जुनी आहे म्हणून दोष शोधायचाच नाही, हा कुठला न्याय?

2008 ची जर्मन गाडी आहे, एअर सस्पेन्शनची, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर उभी राहणारी. वडिलांनी हौसेने घेतली, म्हणून जीव आहे तिच्यात. पहिल्यांदा बसली तेव्हा धुळ्यातल्याच गॅरेजात नेली. स्कॅनर लावला, कॉम्प्रेसरचा, म्हणजे त्यांत हवा भरणाऱ्या पंपाचा, बिघाडाचा कोड आला, लगेच कॉम्प्रेसर बदलला. 38,000 रुपये! अरे, पण तो गेला कशाने ते कोण बघणार? हवा कुठेतरी गळत असली की ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा पळतो, तापतो, जळतो. त्यात आपल्याकडचा मे महिना. गळती तशीच ठेवून नवा बसवला तर तोही जळणार. जळलाच, सात महिन्यांत.

शेवटी मीच टेप घेतला. कॉम्प्रेसरचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे गाडी आपोआप वर यायला नको. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत रात्री मोजलं, सकाळी मोजलं. तीन चाकं जागच्या जागी, एकच सहा सेंटीमीटर खाली. कॉम्प्रेसर चारही चाकांना हवा देतो ना? मग एकच कोपरा बसतो म्हणजे दोष त्या कोपऱ्याचा: एअर स्प्रिंग (तोच रबरी फुगा), तिचा पाइप नाहीतर तिचा व्हॉल्व्ह. फ्यूज परत लावला, गाडी उंच केली आणि साबणाचं पाणी मारलं. स्प्रिंगच्या रबराची घडी पडते तिथे भराभर बुडबुडे! पंक्चरवाला रोज हेच करतो. दहा रुपयांचा साबण लागतो, तोही ह्यांना जड झाला?

गाडी खडखड वाजते, त्याचंही तेच. आधी शॉकअप सांगितले, मग लिंक रॉड, मग लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हलवून बघितला का एकाने तरी? बुश बदलले, आणि बोल्ट आवळले गाडी रॅम्पवर, चाकं लटकत असताना! गाडी खाली उतरली की आर्म वर येतो, बुश कायमचा पिळलेला राहतो आणि फाटतो. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना, तिच्या नेहमीच्या उंचीवर. चाळीसगाव रोडवर दोन महिने फिरलो, आवाज परत सुरू.

काढलेला कॉम्प्रेसर मागितला तर म्हणे भंगारात गेला. माझ्या गाडीचा भाग, मला न विचारता!

उद्या गाडी घेऊन परत जातोय. साबणाची बाटली माझी असेल, आणि मेकॅनिकने बुडबुडे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला एका बोल्टला हात लावू देणार नाही.