अंकलखोपचा तंबू आणि आपली मुले

दरवर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले, म्हणून आपण या गावाला अभिमानाने नाट्यपंढरी म्हणतो. तो अभिमान मलाही आहे. परंतु याच जिल्ह्यातील अंकलखोप गावी जन्मलेल्या दुसऱ्या एका विष्णूची आठवण आपण वर्षातून एकदाही काढत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली आणि ती भारतीयांची पहिली सर्कस ठरली. मुंबईत इटालियन कियारिनी यांच्या सर्कशीचे खेळ पाहून, असे काम हिंदी माणसेही करू शकतील या ईर्ष्येने त्यांनी स्वतःची मंडळी जमवली. पुढे म्हैसाळच्या देवलांची आणि तासगावच्या माळ्यांची सर्कस निघाली. कृष्णाकाठच्या चार-दोन तालुक्यांतून इतके तंबू निघाले, तरी आपण सर्कशीला करमणूक मानले. कला कधीच मानले नाही.

छत्र्यांच्या बाबतीत मला सर्वाधिक मोलाची वाटते ती गोष्ट घोड्यांची नाही, गाण्याची आहे. विष्णुपंत ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे गाणे शिकले होते. त्याच हद्दू खाँचे चिरंजीव, ज्यांना लोक भूगंधर्व म्हणत, ते रहिमत खाँ विपन्नावस्थेत असताना विष्णुपंतांनी त्यांना जवळ केले आणि सर्कशीबरोबर गावोगावी नेले. ज्या मंडळीत झोपाळ्यावरचे कसरतपटू होते, त्याच मंडळीच्या मुक्कामात देशातील एक अव्वल गवई राहत होता. रहिमत खाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडला वारले. त्यांच्या गायकीचा प्रभाव मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर पडला, हे गाण्याच्या जाणकारांना ठाऊक आहे. संगीत आणि कसरत एका छताखाली नांदवण्याची कल्पना आज परदेशी मंडळ्यांमुळे आपल्याला नवी वाटते. पण ती आपल्या अंगणात सव्वाशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष घडून गेली आहे.

मी स्वतः मल्लखांब शिकवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘सर्क दु सोलेय’ ही कॅनडातील मंडळी ‘बाझार’ हा प्रयोग घेऊन मुंबईत आली, तेव्हा मी व्यायामशाळेतील सहा मुलांना घेऊन गेलो होतो. क्वेबेक प्रांतात १९८४ साली रस्त्यावर खेळ करणाऱ्या कलावंतांनी सुरू केलेली ही मंडळी. त्या प्रयोगात मल्लखांबही होता. आमची मुले मात्र खांबाकडे पाहतच नव्हती, कारण खांब त्यांचा रोजचाच. ती पाहत होती भोवतालचे सारे: गाणारी बाई श्वास कुठे घेते, दिवा नेमका कधी मंद होतो, आणि एकाची कसरत संपता संपता दुसऱ्याची कशी सुरू होते, की मध्ये टाळ्यांनाही जागा सापडत नाही. परतताना गाडीत सर्वात लहान मुलगा म्हणाला, “सर, आपण दसरंग त्यांच्याइतकाच चांगला मारतो, पण आपल्याला ‘पुढे काय’ हे येत नाही.” मला जे म्हणायचे आहे ते याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही.

आपल्या मुलांकडे अंगमेहनत आणि कौशल्य भरपूर आहे. त्यांच्याकडे मंडळी नाही. मंडळी म्हणजे चार गुणी कलावंतांची बेरीज नव्हे. मंडळीत दोर बांधणारा, कपडे शिवणारा, वाद्ये सांभाळणारा, हिशेब ठेवणारा आणि शंभरावा प्रयोगही पहिल्याइतकाच चोख व्हावा म्हणून रोज सकाळी सर्वांना उठवणारा माणूस असतो.

मंडळी नसली की काय होते, हे मी परदेशातील एका लोककला महोत्सवात अनुभवले. आम्ही चाळीस मिनिटांचा कार्यक्रम बसवून गेलो होतो. आदल्या दिवशी मध्यस्थाने सांगितले की प्रत्येक देशाला सात मिनिटे मिळतील आणि शेवटी मनोरा करून झेंडा दाखवावा. खांब इथून नेणे परवडणारे नव्हते, म्हणून आयोजकांनी तिथेच एक तयार करून ठेवला होता आणि आपुलकीने त्याला चकचकीत वॉर्निश लावले होते. ज्याने कधी मल्लखांब केला आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको: एरंडेल लावलेल्या लाकडावर अंग सरकते आणि हवे तिथे धरतेही, वॉर्निशवर मात्र ते चिकटते आणि मांडीची सालटी निघतात. मुले रात्री दोन वाजेपर्यंत आळीपाळीने पॉलिश-पेपर घासत बसली होती. सकाळी त्यांच्या बोटांची कातडी सोलवटलेली होती आणि तरी त्यांनी सात मिनिटे निभावून नेली. मला त्यांचा अभिमान वाटला. पण आम्ही तिथे मंडळी म्हणून गेलोच नव्हतो, केवळ नमुना म्हणून गेलो होतो, याची खंत अजून जात नाही.

या तुलनेत जपानमधील साडो बेटावरची ‘कोडो’ ही ढोलवादकांची मंडळी पाहावी. १९८१ पासून ती जगभर फिरते आहे. तिच्याकडे शिकू इच्छिणारी मुले दोन वर्षे एकत्र राहून वादनाबरोबर स्वयंपाक, शेती आणि झाडलोटही करतात. १९८८ पासून ती बेटावर महोत्सव भरवते आणि परदेशातील कलावंतांना स्वतःच्या गावी बोलावते. कंबोडियात बट्टमबांग येथे निर्वासितांच्या छावणीतून परतलेल्या तरुणांनी १९९४ मध्ये मुलांसाठी कलाशाळा काढली आणि तिच्यातून सर्कस उभी राहिली. टोकियो किंवा नॉम पेन्ह या राजधान्यांमध्ये हे घडलेले नाही. मग सांगलीने मुंबई-पुण्याकडे का पाहत बसावे?

सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली आणि वाघ-सिंहांसारख्या वन्य प्राण्यांचे खेळ त्याआधीच बंद झाले होते. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या, असे माझे ठाम मत आहे. मात्र तंबूत लहानपणापासून शिकण्याची जुनी वाट बंद झाल्यावर शाळा सांभाळून शिकण्याची नवी वाट आपण घातली नाही, आणि हे काम व्यायामशाळांनी, नाट्यसंस्थांनी व मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांनी एकत्र येऊन करण्यासारखे आहे. परदेशी मंडळी पुण्यापर्यंत आली तर तिला दोन दिवस इथे बोलवावे, तिच्या दोर बांधणाऱ्यांकडून आपल्या मुलांनी शिकावे, आणि तिने आपल्या धनगरांच्या गजी नृत्यातील ढोलाचा ठेका ऐकावा.

आम्ही लहानशी सुरुवात केली आहे. आमची आठ मुले आणि आटपाडीकडील धनगरी गजी मंडळी मिळून पाऊण तासाचा एकच सलग प्रयोग बसवत आहोत. पहिल्या दिवशी ढोल घेऊन आलेले बापू तासभर वाजवायला तयारच झाले नाहीत. ते भिंतीला टेकून बसले, एकेका मुलाला खांबावर चढताना न्याहाळत राहिले आणि शेवटी म्हणाले, “पोरगं वर गेल्यावर किती येळ थांबतंय ते आधी बघू द्या मला, सर. मग ठेका सांगतो.”