वेग हाताशी ठेवला म्हणजे विमान हातात राहतं?

नमस्कार पार्लेकर,

लहान विमानं उतरताना ताब्यातून का सुटतात, या लेखावर तुम्ही चांगलंच झाडलंत. मी सगळं खापर वैमानिकावर फोडलं, समुद्राकाठचा वारा विमान भिरकावतो हे विसरलो, आणि बाइकसारखं विमानही वेगात सरळ राहतं, मग १५ नॉट (तासाला सागरी मैल) जास्त ठेवले तर स्टॉल (पंखांची उचल तुटणं) तरी होणार नाही, असा तुमचा मुद्दा.

स्टॉलची भीती रास्त आहे, पण तिची जागा धावपट्टीच्या अलीकडे, बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (धावपट्टीच्या रेघेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळताना. वळण लांबलं, धावपट्टीची रेघ मागे पडली, की जास्त कलायची भीती वाटते आणि पाय आपसूक वळणाच्या आतल्या बाजूच्या रडरवर (शेपटीचं सुकाणू हलवणाऱ्या पेडलवर) जातो. त्यातच योक (हातातलं चाक) मागे ओढला की आतला पंख आधी दगा देतो. सावरायला खाली उंची नसते. तिथे चार नॉट जास्त असले तर हरकत नाही, चुकीचा रडर मात्र ते झाकत नाहीत.

तेच नॉट धावपट्टीवर नडतात. फ्लॅप (पंखांमागे खाली येणाऱ्या झडपा) टाकलेली सेस्ना १७२, शिकाऊंचं नेहमीचं लहान विमान, साधारण ६० ते ७० नॉटनी येते. ६५ ऐवजी ८० ने आलात तर जिरवायची ऊर्जा दीडपट. विमान तरंगत राहतं, टेकायचं नाव घेत नाही, आणि जुहूची मुख्य धावपट्टी आहे ११०० मीटरच्या आसपास! विद्यार्थी वैतागून योक पुढे ढकलतो, पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं, तो पुन्हा ढकलतो. प्रत्येक उसळी आधीपेक्षा वाईट. आणि बाइकचं म्हणाल तर तिचं वजन चाकांवर असतं. इथे पंख अजून भार उचलतायत, म्हणून ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरते.

आता वारा. धावपट्टी २६ (उतरतानाची दिशा २६० अंश), दुपारचा वारा ३१० अंशांवरून, म्हणजे उजवीकडून, १४ नॉट. आडवा भाग निघतो ११ नॉटच्या आसपास. १७२ च्या पुस्तिकेत १५ नॉट आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवल्याची नोंद आहे, म्हणजे भिरकावण्याजोगं यात काही नाही. होतं असं, की चाकं टेकली रे टेकली की माणूस सुटलो म्हणतो, योक सरळ करतो, पाय सैल सोडतो. शेपटी वारा धरते, नाक उजवीकडे फिरतं, उजवा पंख उचलला जातो. खरं तर वेग उतरतो तसा एलेरॉनचा (पंखांच्या टोकाकडच्या, योकने हलणाऱ्या झडपांचा) जोर कमी होतो, म्हणून योक उजवीकडे वाढवत शेवटी पूर्ण न्यायचा असतो. शिवाय १७२ चं पुढचं चाक पेडलला जोडलेलं. नाक रेघेत ठेवायला डावा रडर दाबलेला असतानाच ते टेकवलंत तर हिसका ठरलेला.

वारा झोताझोताने येत असेल, समजा १२ ते २०, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे ४ नॉट वाढवण्याची रूढ पद्धत आहे. १५ नव्हे.

खापराचं म्हणाल तर माझा रोख शिकवण्यावर जास्त आहे. उसळी बसली की थ्रॉटल (इंजिनाच्या ताकदीची दांडी) पूर्ण पुढे आणि पुन्हा वर, म्हणजेच गो-अराउंड, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पूर्ण ताकद येताच नाक डावीकडे ओढलं जातं, उतरायला लावलेल्या ट्रिममुळे (नाक ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या मांडणीमुळे) वरही चढतं, आणि घाईत फ्लॅप एकदम मिटले तर विमान खाली बसतं. उजवा पाय, नाक दाबून धरणं, फ्लॅप टप्प्याटप्प्याने, हे सगळं काही सेकंदांत. तुमचा पुतण्या धुळ्याला शिकतोय म्हणालात. त्याने आजवर केलेले गो-अराउंड फायनलवरून, निवांत उंचीवर केलेत, की उसळीनंतर, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, एवढं विचारून कळवा.