परतीला कधी निघायचं ते गाडी चालवणाऱ्याला ठरवू द्या

हिवाळ्यात घरच्यांना भेटून लांबच्या रस्त्याने परत यायचं असेल तर गाडी कुठली, रस्ता कसा याच्या आधी बघायचं ते निघायचं किती वाजता, आणि नेमकं तेच गाडी चालवणारा सोडून बाकी सगळे ठरवतात. सकाळी लवकर निघायचं असं ठरलेलं असतं, मग कुणीतरी म्हणतं आता जेवूनच निघा, जेवल्यावर म्हणतात जरा पडा, तेवढ्यात अजून कुणी भेटायला येतं, पोरं एकमेकांना सोडायला तयार नसतात, डिकीत पिशव्या कोंबणं चालूच, आणि बघता बघता पाच वाजतात. हिवाळ्यातले पाच म्हणजे अंधार पडायलाच आलेला आणि पुढे आठ-नऊ तासांचा रस्ता. हे सगळं प्रेमापोटी असतं, माझाही पाय निघत नाही. पण माझं आता ठाम मत झालंय, दुपार टळली की त्या दिवशी निघूच नये. बॅगा परत आत न्या, रात्री झोपा, सकाळी निघा.

का म्हणतोय ते सांगतो. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सतरा तास जागा असतो. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारख्या मंदावतात असं अभ्यासात आढळलंय. बऱ्याच देशांत एवढ्या अल्कोहोलला गाडी चालवणं गुन्हा आहे! म्हणजे दारूला न शिवलेला माणूस नुसत्या जागरणाने त्या अवस्थेत पोचतो, आणि मागे त्याची मुलं झोपलेली असतात. त्यात भेटीच्या दिवसांत झोप कुणाची पूर्ण होते? रात्री उशिरापर्यंत गप्पा, नवीन जागा, सकाळी लवकर जाग. झोपेची ती उधारी आठवडाभर साचते आणि वसूल होते ती परतीच्या रस्त्यावर. ताशी १०० च्या वेगाने जाताना तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ८० मीटरपेक्षा जास्त अंतर कुणीही न चालवता गेलेली असते. काच खाली करून, मोठ्याने गाणी लावून झोप जात नाही, फक्त गेल्यासारखी वाटते. कॉफीचा असर व्हायलाही वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून सुरक्षित जागा बघून कॉफी घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपा, हा उपाय खरा आहे, पण तोही घरी पोचवण्यापुरता नाही, नीट झोपायला जागा मिळेपर्यंतचा.

दुसरं म्हणजे धुकं. आकाश निरभ्र, वारा पडलेला अशा रात्री जमीन भराभर थंड होते, तिच्यालगतची हवा पण थंड होते आणि हवेतल्या बाष्पाचं धुकं होतं, नदीकाठी आणि सखल भागात सगळ्यात आधी. बऱ्याचदा ते पहाटे, सूर्य उगवायच्या आसपास सगळ्यात दाट असतं. म्हणून "पहाटे तीनला निघू, रस्ता मोकळा मिळेल" हे मला पटत नाही, कारण त्याच वेळेला शरीराला सगळ्यात जास्त झोप हवी असते आणि पुढचं काही दिसत पण नाही. ऊन वर आलं की निघा, दोन तास उशीर झाला तर होऊ दे. धुक्यात सापडलातच तर हाय बीम लावू नका, तो उजेड थेंबांवरून परत तुमच्याच डोळ्यांत येतो, लो बीम आणि फॉग लॅम्प ठेवा. आणि चालत्या गाडीत हझार्ड लाइट (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते) लावणं कृपया बंद करा, मागच्याला कळत नाही तुम्ही थांबलाय का चाललाय, बऱ्याच गाड्यांत त्यामुळे वळायचा सिग्नल पण दिसत नाही. जिथे बर्फ पडतो तिथे पुलांवर विशेष जपा, पुलाला खालून पण गार हवा लागते त्यामुळे बाकी रस्त्याआधी पूल गोठतो.

टायरची हवा निघायच्या सकाळी, गाडी थंड असतानाच बघा, तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होते. लहान मुलांना जाडजूड जॅकेट घालून सीटला बांधू नका, पट्टा घट्ट वाटतो पण आत पोकळी राहते. जॅकेट काढा, पट्टा लावा, वरून पांघरूण घाला.

अजून एक गोष्ट आहे जी कुणी बोलत नाही. निघाल्यावर पहिला तासभर चालवणाऱ्याचं मन गाडीत नसतं. आईवडील थकलेले दिसले, आई गेटपाशी उभी राहिली, वडील काहीच बोलले नाहीत, हे सगळं डोक्यात चालू असतं आणि गाडीत सगळे गप्प. दिवसाउजेडी तेवढं निभावतं, ते ओझं घेऊन रात्रीच्या रस्त्यावर कुणाला ढकलू नये असं मला मनापासून वाटतं. आणि निरोप देणाऱ्यांनो, "कुठवर आलात" हा फोन चालवणाऱ्याला करू नका, शेजारी बसलेल्याला करा.

बरेच जण रात्री निघतात ते दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं म्हणून. आपण सुट्टी आखताना शेवटची संध्याकाळसुद्धा भेटीगाठीत घालतो आणि परतीसाठी काहीच उरवत नाही. या हिवाळ्यात रजा टाकतानाच एक दिवस जास्तीचा मागा, आणि घरच्यांना तो सांगताना "रस्त्यासाठी आहे" असं आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो पण मुक्कामातच जातो.