पाणी गोठवण्याची विद्या

पाणी गोठवण्यासाठी अंगी काही कौशल्य असावे लागते, असे पुण्यात असताना मला कधी वाटले नव्हते, कारण ते काम आमचा फ्रीज बिनबोभाट करत असे. फिनलंडमधल्या ओउलू शहरात मात्र डिसेंबरअखेरीस सूर्य साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दोनच्या सुमारास मावळतो, त्यामुळे माझी ऑफिसातली दुपारची बैठक सूर्यास्तानंतर सुरू होते. या अंधारावर इथल्या लोकांनी काढलेला एक तोडगा म्हणजे बर्फाचा कंदील. ६ डिसेंबरला, म्हणजे १९१७ साली देश स्वतंत्र झाला त्या दिवशी, खिडक्यांत दोन-दोन मेणबत्त्या लावण्याची इथे पद्धत आहे. शेजारच्या आजींनी त्यांच्या जोडीला पायरीवर आतून उजळलेला एक नितळ कंदील ठेवला आणि लहानपणी कामट्या व पतंगाचा कागद घेऊन आकाशकंदील केलेल्या माझ्या हातांना खाज सुटली.

कृती विचारली तेव्हा आजी म्हणाल्या, "बादली. पाणी. बाहेर ठेवा." फिनलंडच्या मानाने हे व्याख्यानच होते. पाणी बाहेरून आत गोठत जाते, मधले पाणी शेवटपर्यंत द्रव राहते, ते वेळीच ओतून टाकले की पोकळ बर्फ उरतो आणि त्यात मेणबत्ती लावायची, एवढेच शास्त्र. सगळी गोम 'वेळीच' या शब्दात आहे, हे मला तीन बादल्यांनी शिकवले.

पहिली बादली शुक्रवारी बाहेर ठेवून मी रविवारी उठवायला गेलो, तेव्हा तिच्यात दहा लिटरची अखंड पिंड तयार झाली होती. दुसऱ्या वेळी मी सौभाग्यवतींचा माहेरून आलेला पिठाचा स्टीलचा डबा वापरला. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते हे मी शाळेत पाठ केले होते. डब्याने ते करून दाखवले. त्याचा तळ असा घुमटला आहे, की ओट्यावर ठेवला तर तो अजूनही स्वतःभोवती गिरकी घेतो. तिसऱ्या वेळी धीर सुटून मी बादली आठच तासांत पालथी केली आणि पापडाएवढ्या बर्फातून निसटलेले पाणी उणे बारा अंशांत माझ्या बुटांत शिरले.

"अहो, विरजण लावल्यावर कुणी भांडे हलवते का?" असे म्हणून सौभाग्यवतींनी सूत्रे हाती घेतली. दर दोन तासांनी त्या बाहेर जाऊन पळीने बादलीवर टकटक करत आणि कान देऊन ऐकत. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे अर्थातच अंधारात, त्यांनी बादली न्हाणीघरात आणवली, बर्फ आपोआप सुटू दिला आणि ती अलगद पालथी केली. खालच्या हिमाच्या दुलईमुळे तळाचा थर पातळच राहिला होता. तो पळीच्या एका टोल्याने फुटला आणि तेच कंदिलाचे तोंड झाले. दोन बोटे जाड भिंत बाहेरून काचेसारखी होती आणि आत जावे तसे बारीक बुडबुडे दाटून ती दुधाळ होत गेली होती.

आत पणतीच हवी, हा हट्ट माझा. तिळाचे तेल वातीसकट थिजले, तेव्हा निमूटपणे मेणबत्ती आणली. ती लागताच सगळी पायरी केशरी झाली आणि आजींनी खिडकीतून एकदा मान हलवली. या देशात यापेक्षा मोठा पुरस्कार मला मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी पारा शून्याच्या वर गेला, पाऊस पडला आणि कंदील पायरीभर वाहून गेला. रात्री पारा पुन्हा उणे आठवर उतरला. आता ते पाणी बादलीशिवाय, पळीशिवाय आणि माझ्या देखरेखीशिवाय एकसंध, नितळ गोठले, आणि सकाळी ऑफिसला निघालो तेव्हा ते डोळ्यांच्या आधी पाठीला दिसले.