ते उंदीर इंकांनी बळी दिलेले नाहीत

'दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या ६,००० मीटर उंच शिखरांवरच्या उंदरांच्या ममी म्हणजे इंकांनी दिलेले बळी' असा मेसेज फिरतोय. (इंका म्हणजे पूर्वी तिथं राज्य करणारे लोक.) सालीन, पुलार आणि कोपियापो या ज्वालामुखींच्या माथ्यावर १३ सुकलेले उंदीर सापडले, एवढं खरं. पण कार्बन डेटिंगनुसार त्यातले सर्वांत जुनेही फार तर ३५० वर्षांपूर्वीचे. इंका साम्राज्य १५३०च्या दशकातच कोसळलं होतं. कलेवरं सुकवली ती तिथल्या कोरड्या, बोचऱ्या थंडीनं. शिवाय २०२० मध्ये युयायाको या तिथल्याच आणखी एका ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७३९ मीटरवर, मोठ्या कानांचा असाच एक उंदीर चक्क जिवंत पकडला गेला! म्हणजे ते तिथं स्वतःच्या पायांनी जातात. युयायाकोवर १९९९ मध्ये बळी दिलेल्या तीन इंका मुलांच्या ममी मिळाल्या होत्या. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर डिलीट करा.