आमची अंडी चहाच्या पाण्यात रंगवलेली नाहीत, ताई

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की कवच आतून पांढरं निघालं म्हणजे आम्ही पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकतो, एका अंड्यात रक्ताचा ठिपका होता म्हणजे कोंबड्या आजारी, आणि दोन अंडी पातळ कवचामुळे तडकली.

आधी रंगाचं सांगतो, कारण तो आरोप मोठाय. कोंबडीच्या पोटात अंडनलिका असते, डावीच तेवढी वाढते, साधारण दोन फूट लांब. पिवळा बलक अंडाशयातून सुटून नळीच्या तोंडात येतो, पुढे तीनेक तास त्यावर पांढरा भाग चढतो, मग तासाभरात तो पातळ पापुद्रा बनतो जो उकडलेलं अंडं सोलताना हाताला लागतो, आणि शेवटी कवच बनायच्या जागी अंडं जवळजवळ 20 तास थांबतं. म्हणजे दिवसातला बहुतेक वेळ कवचालाच जातो बघा. कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं, ते मुळात पांढरंच, तपकिरी रंग त्यावर शेवटच्या काही तासांत चढतो, मग आतून तपकिरी दिसणार कसं? प्रत्येक कोंबडीच्या अंड्याची छटा वेगळी, कोंबडीचं वय वाढलं की फिकी पण होते, म्हणून एका ट्रेमधली सगळी अंडी सारखी दिसत नाहीत.

रक्ताचा ठिपका नळीत शिरायच्या आधीचा असतो. बलक ज्या पिशवीत वाढतो तिच्यावर बारीक रक्तवाहिन्या असतात, पिशवी उघडताना एखादी फुटली की थेंब बलकाला चिकटून पुढे जातो. तो आजार नाही आणि पिल्लू तर नाहीच नाही. चमच्याने काढून टाका, नीट शिजवून खा, काही होत नाही. आम्ही प्रत्येक अंडं लाईटवर बघतो पण तपकिरी कवचातून छोटा ठिपका दिसणं खरंच अवघड असतं.

कवच पातळ झालं ते उन्हाने. कोंबडी धापा टाकते, श्वासातून कार्बन डायऑक्साईड जास्त निघून जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. शेडवर फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक फवारे, चालू आहेत, शिंपल्याची चुरी पण देतोय.

तडकलेल्या दोन अंड्यांची बदली पुढच्या डिलिव्हरीत येईल, तुम्ही रिव्ह्यू तसाच ठेवलात तरी येईल. फक्त ते "रंगवून विकतात" तेवढं काढा ताई, ते खरं नाही.